मुलाची बेसबॉल कार्डं विकायची आहेत: पुण्यात गिऱ्हाईक मिळेल का?

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे आणि दिवाळीनंतर जागा खाली करून द्यायची आहे. त्यामुळे माळे उपसणं चालू आहे. पितळी भांडी, गणपतीची मखरं, सासूबाईंचं शिवणयंत्र, सगळ्यांचा निकाल लागला. अडलंय ते चार खोक्यांपाशी. त्यांत बेसबॉलची कार्डं आहेत.

१९८८ ते १९९५ आम्ही अमेरिकेत क्लीव्हलंडला होतो. मुलगा आठ वर्षांचा असताना गेलो आणि तो पंधराचा झाल्यावर परत आलो. तिथल्या पोरांच्या नादानं ह्यालाही कार्डांचं वेड लागलं. बर्फ उपसून, शेजाऱ्यांचं गवत कापून मिळवलेले सगळे पैसे त्यात. परत येताना मी तिथली चांगली भांडी वाटून टाकली, पण ही खोकी आली, कारण चिरंजीव त्यांच्याशिवाय निघायला तयार नव्हते. आता तो सिंगापूरला असतो. फोनवर म्हणाला, "विकून टाक गं आई. मला फक्त जिम टोमीचं एक ठेव." टोमी म्हणजे क्लीव्हलंडचा त्याचा लाडका खेळाडू.

आहे काय ते सांगते. तीन खोक्यांत पुठ्ठ्याचे लांबट पांढरे डबे, त्यांत वर्षवार लावलेली सुटी कार्डं. टॉप्स, डॉनरस, फ्लीअर, स्कोअर, अपर डेक अशा कंपन्या, बहुतेक १९८७ ते ९४ मधली. चौथ्यात नऊ-नऊ कप्प्यांच्या प्लास्टिकच्या पानांचे अल्बम आणि 'बेकेट' नावाच्या मासिकाचे जुने अंक. त्यात कार्डांच्या भावाचे तक्ते असत. मुलानं १९९१ च्या एका अंकात पेन्सिलीनं खुणा करून शेवटच्या पानावर बेरीज मांडली आहे, बाराशे डॉलरच्या वर. ती आमच्या ह्यांच्या हाती लागली, आणि आजच्या दरानं गुणाकार करून त्यांनी नव्या घरातलं मॉड्युलर किचन ठरवूनसुद्धा टाकलं.

शिवाय एक सिगारची लाकडी पेटी आहे. शेजारच्या एका आजोबांनी मुलाला दिलेली जुनी कार्डं तिच्यात आहेत. ती जरा मोठी असल्यामुळे अल्बमच्या कप्प्यांत बसत नाहीत. कोपरे झिजलेत, एकाच्या पाठीवर कुणीतरी शाईनं नाव घातलंय. ती बहुतेक रद्दीतच जातील.

पुण्यात ही कुणी घेतं का? ओएलएक्सवर टाकू का? की इथून अमेरिकेतल्या माणसाला विकता येतात? "छान आठवण आहे, जपून ठेवा" असं कृपया सांगू नका. तात्पुरत्या भाड्याच्या घराला माळा नाही.

पेठेतला_खवट

आमच्या लहानपणी बिग फन बबलगममध्ये क्रिकेटवाल्यांचे फोटो यायचे. ते कुणी जपले असतील तर मी आत्ता घेतो, रोख. बेसबॉलला मात्र अवघड आहे. रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात पथारी टाकून बघा. दुपारपर्यंत एक गृहस्थ येतील, खोकं उलटसुलट करतील आणि विचारतील, "बावन्न पुरे आहेत का?"

औंधचा_बंड्या

काकू, सिगारची पेटी आधी कपाटात ठेवा, कुलूप लावा, आणि मग पुढचं वाचा.

मी नव्वदीत कोलंबसला शिकायला होतो, म्हणजे तुमच्यापासून दोन तासांवर. तिथे हा नाद लागला तो अजून सुटलेला नाही. आज बाजारात मिळणारं नेहमीचं कार्ड साडेतीन बाय अडीच इंचांचं असतं, आणि टॉप्सनं हे माप १९५७ पासून धरलं. त्याआधी, १९५२ ते ५६, त्यांची कार्डं पावणेचार इंचांची आणि रुंदीलाही किंचित जास्त होती. नऊ कप्प्यांच्या पानात ती जात नाहीत, त्यांना वेगळी पानं लागतात. तुमच्या आजोबांची कार्डं कप्प्यात बसत नाहीत हे वाचूनच मी सरसावून बसलो. आडवी आहेत का? एका बाजूला रंगीत मोठा चेहरा, पार्श्वभूमीला तोच खेळाडू खेळताना, आणि छापील सही? असतील तर १९५५ किंवा ५६ ची. प्रत्येकाच्या पाठीवरचा क्रमांक आणि नाव इथे लिहा.

आता त्या बाराशे डॉलरांबद्दल. काकांना कुणीतरी हळू सांगा.

पन्नाशीतली कार्डं महाग झाली कारण ती उरलीच नाहीत. पोरांनी ती सायकलच्या तारांत अडकवली, आयांनी घर आवरताना फेकली. खुद्द टॉप्सच्या साय बर्गर यांनी १९५२ ची न खपलेली खोकी १९६० मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात बुडवली, असं ते स्वतः सांगत. त्या १९५२ च्याच संचातलं मिकी मँटलचं एक जवळजवळ कोरं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. जुन्या कार्डांच्या चढत्या किमती ऐंशीच्या दशकात पेपरांत झळकू लागल्यावर सगळी अमेरिका शहाणी झाली. घेतलं कार्ड की घाल प्लास्टिकमध्ये, पोराच्या कॉलेजला होईल. कंपन्यांनी मागणी येईल तेवढं छापलं, १९८८ ला स्कोअर आली, ८९ ला अपर डेक. म्हणजे १९८७ ते ९३ चं साधं कार्ड हे लग्नात आहेर म्हणून आलेल्या स्टीलच्या वाटीसारखं झालं, प्रत्येक घरात डझनानं आणि सगळी कोरीकरकरीत. वर १९९४ च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढतच रद्द झाली, आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी कार्डांकडेही पाठ फिरवली. बेकेटमधली तुमची बेरीज त्या आधीची आहे. आज त्यातली नव्वद टक्के कार्डं टपाल खर्चालाही महाग आहेत.

तरी सगळं रद्दीत घालू नका. ही तेवढी वेचून काढा:

अपर डेक १९८९, क्रमांक १, केन ग्रिफी ज्युनिअर. ह्याच्याही भरपूर प्रती आहेत, पण मागणी कायम आहे.

बोमन १९९२. ह्या संचात बरेच नवे खेळाडू युनिफॉर्मशिवाय, घरच्या कपड्यांत उभे आहेत, लग्नासाठी फोटो काढल्यासारखे. त्यातला क्रमांक ३०२ मारियानो रिवेरा. २०१९ मध्ये हा माणूस एकही मत विरोधात न जाता हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या यादीत गेला, तसा तो पहिलाच. मॅनी रामिरेझही ह्याच संचात मिळेल.

एसपी १९९३, क्रमांक २७९, डेरेक जीटर. चकचकीत फॉइलचं. कडांचा मुलामा लगेच उडतो, बोटांनी कडा धरू नका.

टॉप्स १९९०, फ्रँक थॉमस, क्रमांक ४१४. पुढच्या बाजूला नाव छापलेलं असेल तर सोडून द्या. नावाची जागा कोरी असेल तर मला लगेच कळवा. ती छपाईतली चूक आहे आणि फार थोडी सुटली.

फ्लीअर १९८९, बिली रिपकेन. बॅटच्या मुठीच्या बुडाशी काही लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर ते मोठ्यानं वाचू नका. कंपनीला कळल्यावर त्यांनी ते वेगवेगळ्या तऱ्हांनी झाकलं, न झाकलेल्याला अजून थोडेफार पैसे येतात.

वर्ष ओळखायची युक्ती: टॉप्सच्या पाठीवर खेळाडूची वर्षवार आकडेवारी असते, तिच्या शेवटच्या वर्षात एक मिळवा. आणि गुळगुळीत कार्डं दमटपणानं एकमेकांना चिकटली असतील तर ओढून सोडवू नका, वरचा थर निघून येतो.

भाव बघायचा तर ईबे ह्या विक्रीच्या साइटवर 'सोल्ड आयटम्स'ला, म्हणजे विकल्या गेलेल्या मालाला, टिक करून बघा. विकणारा मागतो ती किंमत बघून काही कळत नाही, तिथे एक डॉलरच्या कार्डाला हजार मागणारे बसलेत. शोधताना 'क्लीव्हलंड इंडियन्स' असं शोधा. संघाचं नाव आता गार्डियन्स झालंय, पण तुमच्या कार्डांवर जुनंच आहे.

बाणेरची_आई

मी मागच्या वर्षी मुलाची पोकेमॉन कार्डं ओएलएक्सवर टाकली होती, म्हणून सांगते. तासाभरात एकाचा मेसेज. भाव नाही, घासाघीस नाही, "फायनल घेतो, ट्रान्सफर होऊन पुण्यात येतोय, पेमेंट आत्ता करतो". मग क्यूआर कोड पाठवला, म्हणाला स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला कधीही पिन लागत नाही, पिन टाकला की आपल्याच खात्यातून जातात. मी ब्लॉक केलं. शेवटी कार्डं गेली ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, खाली क्लबहाउसमध्ये समोरासमोर.

बेसबॉलचं गिऱ्हाईक इकडे बाणेर-बालेवाडीत सापडलं तर अमेरिकेहून परतलेल्या घरांत सापडेल. पण ते लोकही बहुतेक स्वतःची खोकी विकायच्या नादात असतात.

नाणेवाला

मी नाणी आणि तिकिटं गोळा करतो, कॉइनेक्स ह्या नाण्यांच्या प्रदर्शनाला दरवर्षी असतो. तिथे ही कार्डं घेऊन गेलात तर लोक कौतुकानं बघतील, चहा पाजतील, घेणार नाहीत. एखाद्या व्यापाऱ्यानं घेतलीच तर त्याला पुढे विकायची असतात, त्यामुळे निम्मा भावही देणार नाही. त्यात त्याची चूक नाही.

एक शंका कुणी काढायच्या आत निस्तरतो. जुनी वस्तू देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, असं लोक ऐकून असतात. १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना लागतो, हस्तलिखितांना पंच्याहत्तर. १९५६ ची छापील कार्डं त्यात येत नाहीत.

आणि काकू, डांबरगोळ्या घातल्या असतील तर काढा. रबरबँड असतील तर ते आधी काढा. आपल्याकडे दोन पावसाळ्यांत रबर वितळून कागदात मुरतं.

कर्वेनगरकर

सगळ्यांचे आभार. खवटसाहेब, बावन्नचं वाचून आमचे हे आठवड्यात पहिल्यांदा हसले.

मी काल दुपारभर भिंग घेऊन बसले होते. ग्रिफी आहे, एकच, पण चित्र चौकटीत डावीकडे सरकलंय. फ्रँक थॉमसवर नाव आहे. बिली रिपकेनच्या मुठीवर काळा चौकोन छापलाय. घरच्या कपड्यांतली मुलं पुष्कळ निघाली, रामिरेझही निघाला, ३०२ नाही. जीटर नाही.

आता पेटी. आडवी आहेत, चेहरा आणि सही तुम्ही म्हणता तशीच. १४० हर्ब स्कोअर. २०० बॉब फेलर, ह्याच्याच पाठीवर शाई आहे. बाकी सात-आठ आहेत, त्यांची नावं मला नीट लागली नाहीत, फोटो पाठवते. एक मात्र उभं आहे आणि नेहमीच्याच मापाचं आहे, २१२ रॉकी कोलाविटो. आमचे शेजारी आजोबा पोर्चमध्ये बसून ह्या कोलाविटोला घालवला म्हणून संघाच्या मालकांना शिव्या घालायचे, तेवढं मला पक्कं आठवतंय.

ह्यांचं मॉड्युलर किचन आता फक्त ट्रॉल्यांवर आलंय. खरं काय ते सांगा.

औंधचा_बंड्या

ट्रॉल्याही नाही होणार, काकू. एखाद दुसरी होईल. पण ही पेटी छान आहे.

हर्ब स्कोअर म्हणजे डावखुरा, आग ओकणारा बोलर, तिथे पिचर म्हणतात. १९५५ मध्ये पहिल्याच वर्षी २४५ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे बाद केलं. नवख्याचा तो विक्रम १९८४ पर्यंत टिकला. हे त्याचं पहिलं टॉप्स कार्ड, १९५६ चं. पुढच्याच वर्षी, ७ मे १९५७ ला, समोरून मारलेला बॉल थेट डोळ्यावर बसला आणि तो पूर्वीचा राहिला नाही. मग तो समालोचक झाला आणि १९९७ पर्यंत क्लीव्हलंडच्या सामन्यांचं रेडिओवर वर्णन करत होता. तुम्ही होता त्या सगळ्या वर्षांत गाडीतल्या रेडिओवर जो खरखरीत आवाज असायचा, तो ह्याच माणसाचा.

फेलर सतराव्या वर्षी मैदानात उतरला, पर्ल हार्बरनंतर नौदलात गेला, परत येऊन पुन्हा खेळला आणि १९५६ लाच निवृत्त झाला. तुमचं कार्ड त्याच हंगामाचं.

कोलाविटोचं १९५७ चं पहिलं कार्ड, म्हणून ते नव्या मापाचं. त्याला १७ एप्रिल १९६० ला डेट्रॉइटला देऊन टाकलं. संघाची पुढची तीस-पस्तीस वर्षं वाईट गेली ती त्याला घालवल्याच्या शापामुळे, असं मानणारे लोक तिथे अजून आहेत. तुमच्या आजोबांचा राग अगदी नियमातला होता. कोलाविटो डिसेंबर २०२४ मध्ये गेले.

झिजलेल्या कोपऱ्यांची ही तिन्ही प्रत्येकी दहा ते पन्नास डॉलरच्या टापूत धरा. शाईमुळे फेलर खाली येईल. खोडरबर लावून शाई काढायला जाऊ नका, त्यानं आणखी खाली येईल. ग्रेडिंगला पाठवा असं कुणी म्हणेल. पीएसए, एसजीसी ह्या कंपन्या कार्ड तपासून दहापैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सील करतात. पण एका कार्डामागे वीसेक डॉलरच्या वर फी आणि जाण्यायेण्याचा खर्च. दोन-तीन गुणांच्या कार्डाला ते परवडत नाही. ग्रिफी डावीकडे सरकलाय म्हणता, तर तोही तसाच विका.

कुठे, तर अमेरिकेतच, आणि शक्यतो क्लीव्हलंडच्या माणसाला. पेटीतली सगळी एकत्र 'क्लीव्हलंड इंडियन्स, पन्नाशीतली' असा एक गठ्ठा करून लावली तर चाहते घेतात. एक-एक विकत बसलात तर चांगली जातील आणि भुसा तुमच्याकडे राहील.

इथून स्वतः विकता येतं, पण तुमच्यासाठी खटपट मोठी आहे. ईबेचं भारतातलं दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झालं, आता इथले लोक परदेशात विकायला ईबे वापरतात. त्याचे पैसे पेओनीर नावाच्या परदेशी पैसे पोचवणाऱ्या सेवेतून येतात, निर्यातीसाठी आयईसी (आयात-निर्यात) कोड काढावा लागतो. त्यात अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली. आपल्या टपालखात्यानं तिकडची पार्सलं मधे थांबवली होती, १५ ऑक्टोबरला पुन्हा घेऊ लागले, पण आता शुल्क इथेच आधी भरून घेतात. सिटी पोस्टात कुणी "वर गिफ्ट लिहा" असं सुचवलं तर ऐकू नका. विक्रीचा माल गिफ्ट म्हणून गेला आणि हरवला तर कुठेच दाद मागता येत नाही.

तुमच्या नात्यात तिकडे कुणी आहे का? पुण्यात नसणं अशक्य आहे.

कर्वेनगरकर

आहे. पुतण्या पिट्सबर्गला असतो, नाताळात येणार आहे. त्याला विचारलं, हो म्हणाला. पण हे म्हणतात की दोन खोकी तरी त्याच्या बॅगेत घालू, फुकटच जातील. आठशे कार्डांचा एक डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला तर दीड किलोच्या आसपास भरला.

औंधचा_बंड्या

एकही खोकं देऊ नका. तुमच्या मसाल्यांची आणि चकलीची जागा जाईल, आणि तिकडे उतरल्यावर पुतण्याच्या बेसमेंटमध्ये तीच खोकी आणखी तीस वर्षं पडून राहतील. सिगारची पेटी, ग्रिफी, रामिरेझ आणि बोमन ९२ चा गठ्ठा, एवढंच पाठवा.

पुतण्याशी दोन गोष्टी आधी बोला. विक्री त्याच्या नावावर होणार, म्हणजे ती त्याच्या टॅक्सच्या हिशेबात दिसेल. आणि ईबे साधारण तेरा टक्के कापतं, ते धरूनच तुमचा-त्याचा वाटा ठरवा. वीस डॉलरपर्यंतची कार्डं तिथे ईबेच्या साध्या पाकिटातून ट्रॅकिंगसह स्वस्तात जातात, ते त्याला सांगा, नाहीतर प्रत्येकाला खोकं करून पाठवत बसेल. कस्टम्सवर कुणी विचारलं तर जे आहे ते सांगायचं: काकूंची जुनी कार्डं, विकायला नेतोय.

बाणेरची_आई

उरलेल्या खोक्यांसाठी: आमच्या मुलीच्या शाळेत सॉफ्टबॉल आहे. त्यांच्या सरांना विचारलं, ते आनंदानं घेतील म्हणाले. मुलींना बॅट कशी धरतात, हात कुठून फिरतो, ते चित्रांवरून दाखवतात. शनिवारी मी कर्वेनगरला येतेच आहे, गाडी आहे. फक्त खाली आणायला कुणीतरी लागेल.

कर्वेनगरकर

शनिवारी अकरानंतर या, वॉचमनला सांगून ठेवते. बेकेटचे अंकही देऊ का? बेरीजवालं पान फाडून घेतलंय, ते हे कुणाला द्यायला तयार नाहीत.

बंड्या, टोमीची चार निघाली. मुलाला कुठलं ठेवू? आणि पेटीतली पुतण्याकडे द्यायची ती कशात घालून?

औंधचा_बंड्या

टोमीचं बोमन १९९१, क्रमांक ६८ असेल तर ते मुलाला ठेवा, ते पहिल्या वर्षाचं आहे. नसेल तर त्यालाच फोटो पाठवून विचारा. ज्यानं गवत कापून विकत घेतलंय त्याला कुठलं हवं ते पक्कं माहीत असतं.

पेटीतल्या कार्डांना आधी मऊ प्लास्टिकची पातळ पिशवी, मग कडक प्लास्टिकचं कव्हर. मोठ्या मापाची मिळतील अशीच बघा, नेहमीच्या कव्हरात ती कोंबू नका. माझ्याकडे दहा-बारा पडून आहेत, शनिवारी ताईंच्या हाती पाठवतो. वर पुठ्ठ्याचे दोन तुकडे, कडेला कागदी चिकटपट्टी. आणि पुतण्याला बजावा, ही चेक-इन बॅगेत नाही, हातातल्या बॅगेत.